मॅडम, तुमच्या नोट्स माझा फोन वाचत नाही

पत्र:

नमस्कार,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला इतिहास शिकवते. लॉकडाऊनमध्ये लागलेली सवय आमच्याकडे टिकली आहे. आठवड्यातून दोनदा रात्री गूगल मीटवर जादा तास होतो आणि नोट्सच्या पीडीएफ वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातात. यंदा पहिल्या वर्षाला एक मुलगी आली आहे, तिची नजर हळूहळू कमी होत चालली आहे. तिने मला वेगळा मेसेज केला, 'मॅडम, तुमच्या नोट्स माझा फोन वाचत नाही. बाकीच्यांना सांगू नका, पण काही करता येईल का?' मी फाइल उघडून पाहिली तर मला सगळं स्वच्छ दिसतं. त्याच वर्गात एक मुलगा आहे. तोंडी उत्तरं झकास देतो, पण पानभर वाचायला दिलं की घामाघूम होतो. शाळेत त्याला डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र मिळालं होतं. दोघांसाठी मिळून मी रोज रात्री बसून सगळ्या नोट्स माझ्या आवाजात रेकॉर्ड कराव्यात असं मनात आहे. स्टाफरूममध्ये हे बोलले तर एक सर म्हणाले, 'ऐकून पदवी घ्यायची, तर मग वाचायचं कधी?' मला उत्तर सुचलं नाही. काय करू?

– एक प्राध्यापिका

उत्तर:

नमस्कार मॅडम,

आज रात्री रेकॉर्डिंगला बसू नका. तेवढ्या वेळात करण्यासारखं दुसरं काम आहे, आणि ते एकदा झालं की पुढच्या कित्येक वर्गांना पुरेल.

त्या मुलीचा मेसेज पुन्हा वाचा. 'माझा फोन वाचत नाही' असं ती लिहिते, म्हणजे एरवी फोन वाचतो हे तिला ठाऊक आहे. बातम्या, मेसेज ती बहुधा ऐकतच असेल. मजकुराचं बोलणं करून देणारी ही सोय, म्हणजे टेक्स्ट टू स्पीच, आजकालच्या बहुतेक फोनमध्ये आधीपासून असते आणि तिच्यात मराठी आवाज मिळतो. तिचं अडलंय ते तुमच्या फाइलपाशी.

हे तपासायला एक मिनिट पुरतं. पीडीएफ उघडा, एका ओळीवर बोट दाबून धरा, ती ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजच्या चौकटीत पेस्ट करा. मराठी ओळ जशीच्या तशी उतरली तर फाइल ठीक आहे. ओळ निवडलीच जात नसेल तर ते पान म्हणजे फोटो आहे. तुमच्या डोळ्यांना त्यात अक्षरं दिसतात, फोनला नुसतं चित्र. आणि पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उतरली, तर नोट्स जुन्या फॉन्टमध्ये आहेत. माझा अंदाज असा की तुमच्या जुन्या नोट्स या तिसऱ्या प्रकारात निघतील. कॉलेजबाहेरच्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेल्या किती नोट्स अजून तशाच फिरत असतात!

हे जुने फॉन्ट मराठी दाखवतात, पण आत मराठी साठवत नाहीत. कृतिदेवचं उदाहरण घ्या. पडद्यावर 'महाराष्ट्र' दिसतं, पण 'म'च्या जागी आत इंग्रजी 'ई' असतो, 'ह'च्या जागी 'जी', कान्याच्या जागी 'के', 'र'च्या जागी 'जे'. तुम्ही वाचता 'महाराष्ट्र' आणि फोन त्या मुलीला ऐकवतो 'ई जी के जे के'. श्रीलिपीच्या जुन्या फाइलींची तऱ्हा हीच. पानभर असं ऐकल्यावर तिने तुम्हाला मेसेज केला आहे. तुमची काही चूक आहे असं ती म्हणालीसुद्धा नाही, आणि बाकीच्यांना सांगू नका म्हणाली. एवढ्या संकोचाने मागितलेली गोष्ट तिला लवकर मिळायला हवी.

उपाय युनिकोडचा. युनिकोडमध्ये 'म' हा आतूनही 'म'च असतो, त्यामुळे फोन, कॉम्प्युटर, गूगलचा शोध, सगळ्यांना तो कळतो. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात. मात्र बदललेला मजकूर न वाचता पुढे पाठवू नका. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं या तीन ठिकाणी हटकून गफलत होते. हाताने लिहिलेल्या नोट्स असतील तर त्यांचे फोटो काढून अक्षरं ओळखवण्याच्या फंदात पडू नका, हस्ताक्षरापुढे ती साधनं फार चुकतात. त्यापेक्षा गूगल डॉक्समध्ये मराठी व्हॉइस टायपिंग लावा, स्वतःच्या नोट्स मोठ्याने वाचा आणि उतरलेला मजकूर दुरुस्त करा. तुमचा आवाज वापरायचाच असेल तर तो इथे वापरा! छापील पानाचा स्पष्ट फोटो असेल तर तो कॉम्प्युटरवरून गूगल ड्राइव्हमध्ये टाकायचा आणि गूगल डॉक्समध्ये उघडायचा. खाली मजकूर तयार होऊन येतो. छापील देवनागरी त्याला बऱ्यापैकी जमते.

फाइल वर्डची किंवा गूगल डॉक्सची राहू द्या, पीडीएफचा आग्रह सोडा. युनिकोड मजकुराची पीडीएफसुद्धा काही वेळा वेलांट्या आणि अर्धी अक्षरं इकडची तिकडे करते. दिसायला ठीक, ऐकायला विचित्र. पीडीएफ लागणारच असेल तर वर्डमधून 'सेव्ह अ‍ॅज'ने करा, प्रिंटच्या वाटेने नको, कारण त्या वाटेने मथळे आणि रचना गळून पडतात.

मथळ्यांचं थोडं सविस्तर सांगते. आपण अक्षरं ठळक आणि मोठी केली की आपल्यापुरता मथळा झाला. वाचक सॉफ्टवेअरला ते कळत नाही, त्याला वर्डमधली 'हेडिंग'ची शैली लागते. ती दिली की कॉम्प्युटरवर एनव्हीडीए वापरणारा विद्यार्थी एका बटणावर मथळ्यामागून मथळा ओलांडत हव्या त्या मुद्द्यावर पोचतो. एनव्हीडीए हे फुकट मिळणारं स्क्रीन रीडर आहे, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोघांनी ते उभं केलं, काम २००६ मध्ये सुरू झालं, आणि ते दोघे स्वतः अंध आहेत. तुमच्या कॉलेजच्या संगणक कक्षात एका यंत्रावर ते टाकायला पैसे लागणार नाहीत, फक्त कुणीतरी मनावर घ्यायला हवं.

आता इतिहासाच्या नोट्सचं खास दुखणं. आपण संक्षेपांत लिहितो: 'लो. टिळक', 'म. फुले', 'छ. शिवाजी महाराज', 'इ.स.', 'पृ.'. डोळा ते आपोआप भरून वाचतो. यंत्राचा आवाज 'लो' म्हणतो, थबकतो आणि मग 'टिळक' म्हणतो. लोकमान्य, महात्मा, छत्रपती असं पूर्ण लिहा. सालांमध्येही अडतं. 'अठराशे अठरा'ऐवजी 'एक हजार आठशे अठरा' असं काही आवाज वाचतात. ते सुसह्य आहे, पण '१८१८-५७' असं लिहिलं तर ऐकणाऱ्याला काहीच बोध होत नाही. '१८१८ ते १८५७' असं लिहा. प्रकरण संपल्यावर ओळभर फुल्या मारायची आपल्याला हौस असते, त्याही काढून टाका. काही फोन त्या एकेक करून वाचत बसतात.

हे सगळं कळायला सोपा मार्ग म्हणजे स्वतः ऐकणं. फोनच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'त जा, 'सिलेक्ट टू स्पीक' सुरू करा, नोट्स उघडा आणि डोळे मिटून पाच मिनिटं ऐका. काही फोनमध्ये ही नावं मराठीत असतात आणि जागा थोड्या बदलतात, पण शोधलं की सापडतं. आवाजाची भाषा मराठी निवडली आहे ना, हेही बघा. हिंदी आवाज लावलेला असेल तर २५ ला 'पच्चीस' ऐकू येईल आणि मराठी वाक्याची चालच बिघडेल. मराठी आवाज एकदा फोनमध्ये उतरवून घेतला की इंटरनेट नसतानाही तो वाचतो, हे खेड्यातून येणाऱ्या मुलांना आवर्जून सांगा. कॉम्प्युटरवर एज ब्राउझरच्या 'रीड अलाउड'मध्ये आरोही आणि मनोहर असे दोन मराठी आवाज आहेत. ऐकायला बरेच माणसासारखे, पण त्यांना इंटरनेट लागतं. मी हे सदर पाठवण्याआधी दर वेळी असंच ऐकून घेते. डोळ्यांना निसटलेल्या चुका कानांना सापडतात.

आवाज कधीमधी चुकेलच. आपल्या 'च' आणि 'ज'चे दोन-दोन उच्चार आहेत. 'चार'मधला 'च' वेगळा आणि 'चाक'मधला वेगळा. लिहिताना आपण काहीच फरक दाखवत नाही, मग यंत्राने कुठून ओळखावा? ऐकणारा मराठी माणूस संदर्भावरून ते सावरून घेतो. त्यासाठी तुम्ही झुरू नका.

आता रेकॉर्डिंगचं. तुमच्या मनातली माया मला कळते, तरी मी नको का म्हणतेय? ती मुलगी परीक्षेच्या आदल्या रात्री 'इब्राहिमखान गारदी' हे नाव कसं लिहायचं ते शोधत असेल. मजकूर असेल तर ती नाव शोधेल, एकेक अक्षर ऐकेल, तो परिच्छेद तीनदा ऐकेल आणि पुढे जाईल. तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये ती फक्त पुढे-मागे सरकवत राहील. सवय झालेले लोक यंत्राचा आवाज दुप्पट वेगानेही सहज ऐकतात, आणि नवशिक्याला तो हळू करता येतो. रेकॉर्डिंगचा वेगही बदलता येतो, पण ते चाचपडणं राहतंच. शिवाय पुढच्या वर्षी तुम्ही एक मुद्दा बदललात तर मजकुरात एक ओळ बदलेल. रेकॉर्डिंग पुन्हा करावं लागेल आणि चार महिन्यांनी थकून तुम्ही ते सोडून द्याल. डेटाचाही प्रश्न आहे. मजकुराची फाइल अगदी लहान असते, रेकॉर्डिंग तिच्या कित्येक पट मोठं, आणि ज्या मुलांचा दिवसाचा डेटा संध्याकाळीच संपतो त्यांना हे सांगायला नको.

एका ठिकाणी मात्र तुमचाच आवाज हवा. पोवाडा, ओवी, अभंग यंत्राला म्हणता येत नाहीत. ते गद्यासारखे सपाट वाचून जातं आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. साधन म्हणून पोवाड्यातल्या चार ओळी देत असाल तर तेवढ्या ओळी तालात म्हणून रेकॉर्ड करा आणि नोट्सच्या सोबत द्या. दोन मिनिटांचं काम आहे.

तुमच्या सहकारी सरांनाही हाच पोवाडा आठवून द्या. आपण इतिहासाचे लोक ज्या पोवाड्यांना साधन मानतो, ते लोकांनी ऐकले होते. ज्यांनी ते ऐकून पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवले त्यांतल्या किती जणांना अक्षरओळख होती? कीर्तनाला बसणाऱ्या माणसाला आपण कधी म्हणालो का, की तू ऐकतोयस, तुला हे कळलं असं धरता येणार नाही? आणि सरांना अगदी नेमकं उत्तर हवं असेल तर ते असं: वाचनात दोन कामं असतात. एक, अक्षरांवरून शब्द ओळखायचा. दोन, शब्दांवरून अर्थ लावायचा. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची बहुतेक शक्ती पहिल्या कामात खर्च होते आणि दुसऱ्यासाठी काही उरत नाही. बी.ए.च्या इतिहासात आपण दुसरं काम तपासतो. पेशवाई का संपली याची कारणं त्याने मांडली, तर ती कानांवाटे आली की डोळ्यांवाटे, यावरून गुण बदलायचं कारण नाही.

त्या मुलाचं वाचन सुटेल ही भीतीही मनातून काढा. त्याला एजमध्ये ऐकायला लावा, तिथे जो शब्द बोलला जातो तो पडद्यावर उजळतो. कान आणि डोळे बरोबर चालतात, आणि आजवर जे पान तो घाबरून बाजूला ठेवत होता त्याच्या तो निदान शेवटपर्यंत जातो. अक्षरं थोडी मोठी, ओळींत थोडी जास्त जागा, परिच्छेद छोटे, एवढं तुम्ही फाइलमध्येच करून दिलंत तर त्याला आणखी सोपं जाईल. वाचनाचा वेगळा सराव त्याला हवा असेल तर तो चालू राहू दे. पण तो सराव होईपर्यंत त्याचा इतिहास थांबवून ठेवणं अन्यायाचं आहे, आणि हे मी सौम्य करून लिहिणार नाही.

आता तुमच्या रात्रीच्या तासाचं बघू. मीटवर तुम्ही पडदा शेअर करता तेव्हा समोरच्याच्या फोनवर व्हिडिओ पोचतो. स्लाइडवरचा एकही शब्द तिचं वाचक सॉफ्टवेअर वाचू शकत नाही, फाइल कितीही सुंदर युनिकोडमध्ये असली तरी. शिवाय तुम्ही बोलत असताना फोनही बोलू लागला तर तिला दोन्ही कळेनासे होतात. म्हणून स्लाइडची फाइल आदल्या दिवशी ग्रुपवर टाका, सगळ्यांनाच. ती आधी ऐकून येईल. तासात 'इथे बघा', 'ही तारीख लक्षात ठेवा' असं तोंडात येतंच. त्याऐवजी तारीख उच्चारा. चौदा जानेवारी सतराशे एकसष्ट, असं म्हटलंत की पडद्याकडे न बघता वही लिहिणाऱ्यांनाही ते मिळतं.

नकाशे हा तुमच्या विषयातला सगळ्यात अवघड भाग, आणि माझ्या मते सगळ्यात आनंदाचाही. चित्राला पर्यायी मजकूर द्यायची सोय वर्डमध्ये आहे, चित्रावर उजवी क्लिक केली की 'ऑल्ट टेक्स्ट' दिसतं. तिथे 'पानिपतचा नकाशा' एवढंच लिहिलंत तर तिला काही मिळणार नाही. असं लिहून पाहा: 'पानिपत दिल्लीच्या उत्तरेला सुमारे ९० किलोमीटरवर आहे. पूर्वेकडून यमुना उत्तर-दक्षिण वाहते. मराठ्यांची छावणी पानिपतला, तर अब्दालीचं सैन्य त्यांच्या दक्षिणेला, म्हणजे पानिपत आणि दिल्ली यांच्या मध्ये. १७६० च्या ऑक्टोबरमध्ये बागपतजवळ यमुना ओलांडून तो या बाजूला आला होता. त्यामुळे मराठ्यांचं तोंड दक्षिणेकडे होतं आणि त्यांचा घरी जायचा रस्ता शत्रूच्या पाठीमागे होता.' हे ऐकल्यावर रसद का तुटली हे वेगळं सांगावं लागत नाही. नकाशा नीट दिसणाऱ्या मुलांपैकी किती जणांच्या हे लक्षात येतं, तुम्हीच सांगा. म्हणून हे वर्णन चित्राच्या आत लपवू नका, खाली उघड छापा.

संदर्भग्रंथांविषयी तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्याच महिन्यात हा प्रश्न येईल. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून पुस्तकाची सुगम्य प्रत करता येते आणि अभ्यासासाठी तिला देता येते. तेव्हा ग्रंथालयातल्या पुस्तकाचं एक प्रकरण स्कॅन करून, मजकुरात बदलून तुम्ही त्या मुलीला दिलंत तर मनात किंतू नको. ते तिलाच द्या, वर्गाच्या ग्रुपवर टाकू नका, ही सवलत सगळ्या वर्गासाठी नाही. २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' नावाचं ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झालं आहे, तिथे अशी तयार पुस्तकं मिळतात. प्रमाणपत्र हाताशी असेल तर तिला सभासद व्हायला मदत करा. आणि कुणी विचारलं की कॉलेजने हे सगळं का करायचं, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं नाव घ्या. डिस्लेक्सिया ज्यात मोडतो ती विशिष्ट अध्ययन अक्षमता त्या कायद्यात स्पष्ट नमूद आहे, म्हणजे तो मुलगाही त्यात आला.

सगळ्या नोट्स एकदम बदलायला जाऊ नका. पुढच्या आठवड्यात जे प्रकरण शिकवणार आहात ते आधी घ्या, त्यानंतर प्रश्नसंच, आणि मागचं सगळं दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेवा. टायपिंगला आणि तपासायला एनएसएसची मुलं मागा, ती आनंदाने करतील. कुणासाठी चाललंय हे त्यांना सांगायची गरज नाही. नवी फाइल ग्रुपवर टाकताना 'आता या नोट्स फोनवर ऐकताही येतील' एवढी एक ओळ लिहा आणि कसं ऐकायचं ते दोन वाक्यांत सांगा. एसटीने तासभर प्रवास करून येणारी मुलं ऐकतील, घरी भाकऱ्या करता करता मुली ऐकतील, आणि तुमच्या त्या विद्यार्थिनीचं नाव कुठेच येणार नाही. तिने तेवढंच मागितलं होतं.

तिला मात्र वेगळा मेसेज करा. फाइल ऐकताना आवाज कुठे अडखळला, कुठे काही कळलं नाही, ते टिपून ठेवायला सांगा. ती जे सांगेल ते माझ्या या सगळ्या सल्ल्याच्या वरचं समजा. आणि पानिपतचं वर्णन ऐकून झालं की तिला विचारा, मराठ्यांच्या छावणीतून दिल्ली कुठल्या दिशेला होती आणि मधे कोण होतं. तिने दोन्ही बरोबर सांगितलं की पुढचा नकाशा लिहायला घ्या.